पावसाकडे तोंड केलेली गाय

सदरमधल्या एका बंद पडलेल्या क्लबातून
हे चित्र माझ्याकडे आलं, चादरीत गुंडाळून,
ऑटोच्या मागच्या सीटवर आडवं.
चौकटीच्या पाठीवर अर्धा शिक्का : पेश्त.
एक, आठ, सहा; शेवटचा आकडा वाळवीने खाल्लेला.
सही म्हणजे नुसता तपकिरी ओरखडा.

मे महिना. बाहेर सेहेचाळीस.
कूलर लावता येत नाही, कॅनव्हासला ओल चालत नाही,
म्हणून मी आणि ते वादळ
एकाच खोलीत घामाघूम.

काडीला कापूस गुंडाळायचा,
जिभेवर धरायचा,
बोटभर आभाळ पुसायचं.
थुंकीसारखं औषध नाही,
हे मी कुठल्याच पावतीवर लिहीत नाही.
कापसावर क्लब उतरत जातो :
चिरुटांचा धूर, पेट्रोमॅक्सची काजळी,
कुणाच्या तरी हातून उडालेला सोडा.
खालून निघतं हंगेरीचं माळरान,
इतकं सपाट की आडोसा म्हणून
एका जनावराला दुसरं जनावरच.
करडी गुरं, नऊ.
विहिरीवरचं लांब लाकूड वाऱ्याने कललेलं.
एक घोडा; त्याच्या डोळ्यात पांढरा ठिपका,
तांदळाच्या कणीएवढा.
चित्रात वीज कुठेच नाही. फक्त तिथे आहे.

दुधराम नेवारे आमचे रात्रपाळीचे वॉचमन.
लहानपणी गोरेवाड्याकडे गावची गुरं चारली,
आता बिल्डिंगच्या एकोणीस गाड्या राखतात.
पाण्याची कॅन ठेवायला वर आले नि उभेच राहिले.
लोक चित्र लांबून पाहतात, मान तिरपी करून.
हे जवळ गेले,
गोचीड शोधावा तसे.

"गवळाऊच दिसून राह्यल्या, बाई.
शिंगं मात्र लय लांब."
मग बराच वेळ काही नाही.
मग : "पानी इकडून येऊन राह्यलं नं?
सगळ्यायनं पाठ केली पाहा.
जनावर पान्याले पाठच देते.
हे एकच गाय काऊन फिरली मंग?"

मी म्हटलं, चित्रकाराला हवी असेल तशी.
नजर कडेला जाऊन परत यावी लागते, वगैरे,
कॉलेजात शिकवलेलं.

"त्याले पायजे असन," ते म्हणाले,
"पन गाय अशी फुकट फिरत नाई.
वासरू मांगं राह्यलं का फिरते.
मोजा तुमी. इथंच कुठीतरी असन."
आणि डाव्या कोपऱ्यावर बोट धरलं.
न टेकवता. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.
खाली हॉर्न वाजला, ते गेले.

त्या कोपऱ्यात वार्निश जाड आहे, गुळाच्या पाकासारखं.
मागाहून कुणीतरी तिथे रंग भरलाय;
भोक बुजवायला,
किंवा जनावर बुजवायला.
टॉर्च आडवा धरला की लिंबाएवढा उंचवटा दिसतो.
ओला दगड असेल.
पाय पोटाशी घेतलेलं काहीतरी असेल.
क्लबाच्या शेवटच्या सेक्रेटरीने लिहून दिलंय :
फक्त स्वच्छता. मूळ चित्राला हात लावू नये.
मूळ कोणतं, ते लिहिलेलं नाही.

एक वाजून गेलाय.
लू थांबलीय, भिंती अजून तापलेल्या.
नवा कापूस जिभेवर धरून मी खिडकीशी येते.
खाली दुधराम गाड्या मोजतायत,
बोट हवेत, ओठ हलत,
सोळा, सतरा, अठरा,
आणि थांबतात.
पुन्हा पहिल्यापासून.
मग खुर्ची उचलतात,
भिंतीकडची सावली सोडून
गेटसमोर आणून ठेवतात,
रस्त्याकडे तोंड करून.

कापूस तोंडातच वाळलाय.